पायी येणाऱ्याला तिकीट नाही

एकतीस वर्षं दिवाडीची फेरी चालवली मी,
आणि मांडवी हलते हे मला कधी लागलं नाही.
ठाऊक होतं. ओहोटीत बोटीचं नाक कुठे ओढतं,
रायबंदरच्या अंगाला गाळ कुठे वर येतो.
पण ठाऊक असणं वेगळं.

चवथीच्या आदल्या दिवशी
माटोळीला कुवाळा बांधायला स्टुलावर चढलो,
मान वर केली,
आणि तोरिंगणं, आंबाडे, नारळाची पेंड, छत, सून,
सगळी उजवीकडे निघून गेली.
जातच राहिली.
कुवाळा फुटला. मी वाचलो.

बांबोळीत म्हणाले, उजव्या कानातली तोलाची नस गेली.
तेव्हापासून मी चाललो की जग चालतं.
पाऊल पडलं की माड उडी मारतो.
पोदेर येतो तो सायकल घेऊन नाही, सायकलींचा घोळका घेऊन.
टेकडीवरच्या इगर्जीचा मनोरा
कोणी कपाट सरकवावं तसा थरथरतो.
मी थांबलो की सगळे जागेवर, निमूट,
जणू काही केलंच नाही.

अनुजा वेर्णेकर म्हणून एक मुलगी व्यायाम शिकवते.
डोकं हलवायचं, नजर एका अक्षरावर ठेवायची.
चक्कर येईपर्यंत, काका. आणि आल्यावर अजून थोडं.
मी विचारलं, मग बोटीवर कधी कशी आली नाही?
म्हणाली, चाक तुमच्या हातात होतं ना.
हाताला हुकूम निघाला की
त्याची एक नक्कल मेंदू स्वतःजवळ ठेवतो.
मग कान ओरडला, वळलो, वळलो!
तर आतून कोणी म्हणतं, हो, माहीत आहे.

मला आमच्या फेरीचा नियम आठवला.
पायी येणाऱ्याला तिकीट नाही.
माणसं रॅम्पवरून आत येतात,
मासळीची पाटी, दप्तर, कडेवरचं मूल,
तिकीटवाला मान वर करत नाही.
गाडी आली की उठतो.
डोक्यातही तसाच एक बसलेला असणार.
आपलं पाऊल, आपली मान, आपली शिंक फुकट आत.
दुसऱ्याने दिलेला धक्का तेवढा अडवायचा.
आता माझा तिकीटवाला
मलाच ओळखत नाही.
पावलापावलाला हात आडवा घालतो.

खाजनाच्या बांधावर सकाळी जातो.
एका बाजूला भात, एका बाजूला खारं पाणी,
मध्ये माझ्या रुंदीची माती.
मानशीवर पाटी आहे, मासे पकडण्यास सक्त मनाई.
'सक्त' मधला क्त धरून चालायचं.
खाली जाळं झाडत असलेला सेबास्त्यांव
पाटीकडे बघत नाही, पायांकडेही नाही.
चिखलात बगळा चालतो.
अंग पुढे जातं, डोकं मागेच,
हवेत खिळ्याला टांगल्यासारखं,
मग अंगाला गाठतं.
एवढंसं डोकं. मत्सर वाटला.

पाचव्या आठवड्यात क्त नऊ पावलं स्थिर राहिला.
दहाव्याला फुटला.
मी परत मागे जाऊन नऊ पावलं चाललो.

काल जुन्या गोव्याहून परतताना
चाकावर दत्तेश होता, माझ्याच हाताखाली शिकलेला,
अजून धक्क्याला लागताना घाई करतो.
बोट वळली आणि पोटात सगळं वर आलं.
डोळे मिटले, वाईट.
उघडले, अजून वाईट.
मग कठडा धरून
मी त्याच्या मनगटांकडे बघत राहिलो.
उजवं किंचित दबलं,
आणि नदी वळायच्या आधी
माझा खांदा वळला.